ख्रिस पॉलचा अडवलेला ट्रेड: नकार कुणी द्यायचा?

आजचा भाग बास्केटबॉलवर आहे, पण बास्केटबॉल बघत नसाल तरी ऐका. कारण प्रश्न चेंडूचा नाही, खुर्चीचा आहे.

८ डिसेंबर २०११. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, त्यातल्या तीन संघांनी मिळून एक मोठा सौदा ठरवला. न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सचा ख्रिस पॉल लॉस एंजेलिस लेकर्सकडे जाणार होता. बातमी फुटली, खेळाडूंना कळलं, लॉस एंजेलिसमध्ये लोक खूश झाले. आणि काही तासांत लीगने सांगितलं, हा सौदा होणार नाही. कारण काय दिलं? बास्केटबॉलची कारणं. बस, एवढंच.

आजही हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी लेकर्सवर उघड अन्याय केला. दुसरा म्हणतो, त्यांनी एका छोट्या शहराला लुटीपासून वाचवलं. माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे आणि ते मी आधीच सांगून टाकतो. नकार देणं हा अन्याय नव्हता. ज्याच्या हातात नकाराचा हक्क होता, त्याच्या हातात तो असायला नको होता. आणि ही गडबड डिसेंबर २०११ मधली नाही, त्याच्या बरोबर एक वर्ष आधीची आहे.

आधी ट्रेड म्हणजे काय ते बघू. आयपीएलमुळे हा शब्द आपल्याला ओळखीचा झालाय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्सकडे परतला, तो ट्रेडच होता. एनबीएमध्ये मात्र हे नेहमीचंच आहे. एक संघ आपला खेळाडू देतो आणि बदल्यात दुसऱ्या संघाचे खेळाडू घेतो, किंवा ड्राफ्टमधली निवड घेतो. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंना निवडायची वार्षिक पाळी. हरणाऱ्या संघांचा नंबर साधारण आधी लागतो. बहुतेक खेळाडूंची संमती ट्रेडसाठी लागत नाही. सकाळी एका शहरात, संध्याकाळी दुसऱ्या.

मग लीगचं काम काय? तर कागद तपासणं. दोन्ही बाजूंचे पगार नियमात बसतात का, करार बरोबर आहेत का, हे बघणं. सौदा शहाणपणाचा आहे की मूर्खपणाचा, हे लीग ठरवत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या निवडी इतक्या उधळू लागले, की लीगने त्यांचे ट्रेड आधी मंजूर करून घ्यायला लावले. पुढे त्यावरून एक नियमच आला. पुढच्या सलग दोन वर्षांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीची एकही निवड हातात नाही, अशी वेळ संघाने स्वतःवर आणायची नाही. त्याला आजही स्टेपियन नियम म्हणतात. म्हणजे बघा, एका मालकाच्या उधळपट्टीवर लीगचा कायमचा उपाय होता नियम करणं. तो सगळ्यांना सारखा आणि सगळ्यांना आधीपासून माहीत असलेला.

आता न्यू ऑर्लिन्सकडे येऊ. हॉर्नेट्स मूळचे शार्लट शहराचे. मालक जॉर्ज शिन यांनी २००२ मध्ये संघ न्यू ऑर्लिन्सला नेला. जून २००५ मध्ये ड्राफ्टमधल्या चौथ्या निवडीवर त्यांना ख्रिस पॉल मिळाला. दोन महिन्यांत कटरिना वादळ आलं आणि शहर पाण्याखाली गेलं. संघाला पुढचे दोन हंगाम बरेचसे सामने ओक्लाहोमा सिटीत खेळावे लागले. परत आल्यावर २००७-०८ च्या हंगामात ५६ सामने जिंकले. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पॉल कोबी ब्रायंटच्या खालोखाल दुसरा आला. अर्धं शहर अजून उभं राहत होतं, आणि त्या शहराकडे अभिमानाने दाखवावं असं काही होतं, त्यात हा पोरगा होता.

पण मैदानावर यश आणि तिजोरीत खडखडाट, अशी अवस्था होती. शिन यांना संघ विकायचा होता, स्थानिक भागीदाराशी बोलणी झाली, ती फिसकटली. शेवटी डिसेंबर २०१० मध्ये खुद्द लीगनेच संघ विकत घेतला, सुमारे ३० कोटी डॉलरला. लीगने घेतला म्हणजे कुणी? तर बाकीच्या २९ संघांच्या मालकांनी मिळून.

इथे जरा थांबा. महाराष्ट्रात सहकारी बँक अडचणीत आली की संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमतात, हे आपण खूप वेळा पाहिलंय. ठेवीदारांच्या हिताचं बघणं हे त्याचं काम. आता कल्पना करा, की तो प्रशासक नेमला शेजारच्या २९ बँकांनी, त्याचा पगारही त्याच देणार, आणि बुडत्या बँकेचे चांगले ग्राहकही त्यांनाच हवे आहेत. न्यू ऑर्लिन्सचं नेमकं हेच झालं होतं. लीगने अध्यक्ष म्हणून जॅक स्परलिंग यांना बसवलं. जनरल मॅनेजर डेल डेम्प्स आधीपासून होते. खेळाचे निर्णय डेम्प्स घेतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण शेवटची सही कुणाची? मालकाची. आणि मालकांच्या वतीने सही करणार कोण? कमिशनर स्टर्न.

धोक्याची घंटा लगेच वाजलीही होती. फेब्रुवारी २०११ मध्ये हॉर्नेट्सनी मार्कस थॉर्नटनला सॅक्रामेंटोकडे देऊन कार्ल लँड्रीला आणलं. लँड्रीचा पगार जास्त होता. डॅलसचे मालक मार्क क्यूबन यांनी उघड नाराजी दाखवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या संघात माझाही हिस्सा आहे, मग माझ्याच पैशाने माझ्याच विरुद्ध खेळणारा संघ मजबूत का होतोय? त्यांच्या बाजूने बघितलं तर तक्रार अगदी रास्त. आणि तीच तर खरी अडचण. त्या रचनेत रास्त तक्रारीसुद्धा न्यू ऑर्लिन्सच्या मुळावर येणाऱ्या होत्या. तेव्हा कुणी रचना दुरुस्त केली नाही.

त्यानंतर २०११ च्या जुलैत लीगला टाळं लागलं. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार होईना. १६१ दिवस सगळं ठप्प. मालकांची एक मोठी मागणी होती, की मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांनी सगळे तारे गोळा करू नयेत. याला ताजा संदर्भ होता. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला होता. पॉलचाही करार असा होता, की २०१२ च्या उन्हाळ्यात त्याला मोकळं होता आलं असतं. तो गेला असता तर न्यू ऑर्लिन्सच्या हातात काहीच उरलं नसतं. म्हणून आत्ताच विका आणि बदल्यात काहीतरी घ्या, हे डेम्प्स यांचं गणित.

मग ८ डिसेंबर उजाडला. त्याच दिवशी नव्या करारावर शिक्कामोर्तब झालं, आणि त्याच दिवशी हा सौदा ठरला. पॉल लेकर्सकडे. लेकर्सचा पाऊ गसोल ह्यूस्टन रॉकेट्सकडे. आणि न्यू ऑर्लिन्सला लेकर्सकडून लॅमर ओडम, ह्यूस्टनकडून लुईस स्कोला, केव्हिन मार्टिन, गोरान ड्रागिच आणि पहिल्या फेरीची एक निवड.

क्लीव्हलँडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी स्टर्न यांना एक संतापलेला ईमेल लिहिला, जो लगेच बाहेर आला. हा सौदा म्हणजे थट्टा आहे, यावर आम्हा २९ मालकांचं मतदान घ्या, असा त्याचा सूर. त्यात त्यांनी हिशोबही मांडला होता, की लेकर्सना या सौद्यातला सर्वोत्तम खेळाडू मिळतोय आणि वर पगार व लक्झरी टॅक्स मिळून सुमारे ४ कोटी डॉलर वाचतायत.

हा लक्झरी टॅक्स समजून घ्या, कारण गोम तिथे आहे. ठरावीक रेषेच्या वर पगार देणाऱ्या संघाला दंड भरावा लागतो, आणि ती रक्कम जे संघ रेषेच्या खाली राहतात त्यांच्यात वाटली जाते. म्हणजे लेकर्सचा टॅक्स कमी झाला की इतर मालकांच्या वाट्याचे पैसे कमी होतात. गिल्बर्ट हॉर्नेट्सचे अंशतः मालक, लेकर्सचे प्रतिस्पर्धी, आणि लेकर्सच्या दंडातले वाटेकरी. एकच माणूस, तीन हितसंबंध. त्यांचा राग खरा असेलही. पण न्यू ऑर्लिन्सच्या भल्यासाठी तो किती होता, हे कसं ओळखायचं?

लीगने सांगितलं की मालकांच्या दबावामुळे नकार दिलेला नाही. स्टर्न यांचं तेव्हाचं आणि नंतरचंही म्हणणं एकच राहिलं: हा निर्णय मी कमिशनर म्हणून नाही, हॉर्नेट्सच्या मालकाच्या वतीने घेतला. कुठलाही मालक आपल्या जनरल मॅनेजरला नाही म्हणू शकतो. समजावून सांगण्यात आपण कमी पडलो, हे त्यांनी पुढे मान्य केलं. निर्णय चुकला, असं मात्र कधी नाही.

आता प्रामाणिकपणे बघू. मालक म्हणून त्यांचा विचार चूक होता का? मला नाही वाटत. ओडम ३२ वर्षांचा, स्कोला ३१, मार्टिन २८. चांगले खेळाडू, पण पगार मोठे आणि उतरणीला लागलेले किंवा लागणारे. असा संघ ना विजेतेपद जिंकणार, ना इतका हरणार की ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळावी. मधल्यामध्ये लटकणार. शिवाय संघ विकायचा होता. नव्या मालकाला तरुण आणि स्वस्त संघ आवडतो. दुसरीकडे डेम्प्स यांचाही विचार पोरकट नव्हता. ओडम त्या वर्षीचा सर्वोत्तम बदली खेळाडू ठरला होता, आणि २५ वर्षांचा ड्रागिच पुढे २०१४ मध्ये लीगच्या निवडक १५ जणांत आला. दोन जाणकार माणसांचं मत वेगळं असू शकतं. तो अन्याय नव्हे.

मग अन्याय कुणावर झाला? पहिला, लेकर्स आणि रॉकेट्सवर. समजा तुम्ही फ्लॅट घ्यायला गेलात. मालकाचं मुखत्यारपत्र असलेला माणूस समोर बसलाय, भाव ठरला, हात मिळवले. आणि नोंदणीच्या टेबलावर मालक येऊन म्हणतो, याला विकायचा अधिकार नव्हताच. मालकाला नाही म्हणायचा हक्क आहे, पण हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. दुसरा अन्याय डेम्प्स यांच्यावर. तुम्ही निर्णय घ्या असं सांगून बसवलेल्या माणसाचा शब्द जगासमोर फोल ठरला. आणि तिसरा खेळाडूंवर. ओडम लेकर्सबरोबर दोन विजेतेपदं जिंकला होता. आपल्याला देऊन टाकायला निघाले, हे कळल्यावर त्याला तिथे राहावंसं वाटेना. तीन दिवसांत तो डॅलसला गेला आणि तो हंगाम पूर्ण होण्याआधीच संघाबाहेर पडला.

पुढचं झटपट सांगतो. दुरुस्त केलेला सौदाही जमला नाही, लेकर्सनी माघार घेतली. १४ डिसेंबरला पॉल त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे गेला. बदल्यात न्यू ऑर्लिन्सला एरिक गॉर्डन, क्रिस केमन, अल-फारूक अमिनू आणि पहिल्या फेरीची एक निवड मिळाली. तो हंगाम न्यू ऑर्लिन्सने २१ विजय, ४५ पराभव असा संपवला. एप्रिल २०१२ मध्ये टॉम बेन्सन यांनी ३३.८ कोटी डॉलरला संघ घ्यायचं जाहीर केलं. आणि मे महिन्यात, १३.७ टक्के शक्यता असताना, लॉटरीत पहिली निवड न्यू ऑर्लिन्सला लागली. अँथनी डेव्हिस मिळाला.

स्टर्न यांचे समर्थक इथे टाळी देतात. बघा, भलंच झालं ना! पण निकाल चांगला लागला म्हणून पद्धत न्याय्य ठरत नाही. उलट या लॉटरीनंतर काय झालं? लीगनेच आपल्या संघाला बक्षीस दिलं, अशी कुजबूज सुरू झाली. त्याला कसलाही पुरावा नव्हता. पण पंच आणि मालक एकच असले की निव्वळ योगायोगावरही लोक विश्वास ठेवत नाहीत. ही किंमत पैशात मोजता येत नाही.

इतिहासात याची दोन उदाहरणं सापडतात आणि दोन्ही बेसबॉलची आहेत. १९७६ च्या जूनमध्ये ओकलँडचे मालक चार्ली फिनली यांनी आपले तीन मोठे खेळाडू रोखीने विकले. वायडा ब्लू न्यूयॉर्क यँकीजला १५ लाख डॉलरला, जो रुडी आणि रॉली फिंगर्स बॉस्टनला प्रत्येकी १० लाखांना. कमिशनर बोवी कून यांनी तिन्ही व्यवहार रद्द केले. फिनली कोर्टात गेले आणि १९७८ मध्ये अपिलातही हरले. खेळाच्या हितासाठी कमिशनरला हा अधिकार आहे, असं कोर्टाने मानलं. कून यांचा निर्णय पटो न पटो, त्यांचा ओकलँडमध्ये हिस्सा नव्हता. ते एकाच खुर्चीवर बसून बोलत होते.

दुसरं उदाहरण माँट्रियल एक्स्पोजचं. २००२ मध्ये बेसबॉल लीगने हा संघ ताब्यात घेतला, अगदी हॉर्नेट्ससारखाच, बाकी २९ क्लबांच्या मालकीने. संघ बंदच करून टाकायची चर्चा होती. जनरल मॅनेजर ओमार मिनाया यांनी जूनमध्ये बार्तोलो कोलोन हा गोलंदाज, म्हणजे पिचर, आणला आणि बदल्यात क्लिफ ली, ब्रँडन फिलिप्स आणि ग्रेडी साइझमोर ही तीन कोवळी पोरं देऊन टाकली. तिघंही पुढे ऑल-स्टार झाले. इथे कुणी नकार दिला नाही. एक्स्पोजना त्या वर्षी प्लेऑफ गाठता आली नाही आणि २००५ मध्ये संघ वॉशिंग्टनला गेला.

दोन्ही बाजूला ठेवून बघा. एका ठिकाणी लीग मालक होती आणि तिने सौदा अडवला. दुसऱ्या ठिकाणी लीग मालक होती आणि तिने सौदा होऊ दिला. दोन्हीकडे घोळच. म्हणजे दोष नकारात नाही आणि होकारातही नाही. ज्या संघाचे मालक त्याचे प्रतिस्पर्धीच आहेत, त्याच्या उद्याचा वाली कुणी नसतो.

आपल्याकडे हाच प्रश्न क्रिकेटमध्ये आला. एन. श्रीनिवासन बीसीसीआयचे पदाधिकारी होते आणि त्यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नई सुपर किंग्ज होता. त्याला वाट करून देणारी नियमातली दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ ला रद्द केली. स्वतःच्याच खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व त्यामागे होतं.

मग डिसेंबर २०१० मध्ये काय करायला हवं होतं? लीगने संघ घ्यावा, ठीक. वर्षाला किती खर्च करायचा, तो आकडा ठरवून द्यावा. त्यापुढे कुठल्याही मालकाला बांधील नसलेला एक विश्वस्त नेमावा, त्याचे अधिकार लिहून सगळ्या संघांना कळवावेत, आणि खेळाच्या सौद्यांवर शेवटचा शब्द त्याचाच ठेवावा. कमिशनरने इतर संघांसारखे याही संघाचे फक्त कागद तपासावेत. असा विश्वस्तही कदाचित डेम्प्स यांना नाहीच म्हणाला असता. पण मग त्या नकाराला न्यू ऑर्लिन्सचा नकार म्हणता आलं असतं.

हे मी नुसतं हवेत बोलत नाही. याचा पुरावा त्याच शहरात मिळाला. संघाचं नाव आता पेलिकन्स होतं, मालकीण गेल बेन्सन. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसने ट्रेड मागितला आणि पुन्हा लेकर्सच दारात उभे राहिले. जनरल मॅनेजर? तेच डेल डेम्प्स. फेब्रुवारीच्या मुदतीपर्यंत न्यू ऑर्लिन्सने लेकर्सना नाही म्हटलं. काही दिवसांत डेम्प्स यांची नोकरी गेली. जूनमध्ये नव्या माणसांनी लेकर्सशीच सौदा केला आणि तीन तरुण खेळाडू व पहिल्या फेरीच्या अनेक निवडी मिळवल्या.

तेच शहर, तोच ग्राहक, तसाच तारा आणि तसाच नकार. लेकर्सचे चाहते चिडले, पण लीगने कारस्थान केलं असं कुणी म्हटलं नाही. का? कारण या वेळी नाही म्हणणाऱ्याला लेकर्सच्या टॅक्समधून हिस्सा मिळतोय का, त्याला कुणाचा ईमेल आलाय का, हे विचारायची गरजच नव्हती. संघाच्या मालकांनी संघासाठी घेतलेला तो निर्णय होता.

म्हणून ख्रिस पॉलचा ट्रेड अडवणं न्याय्य होतं का, असं कुणी विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो: अडवणारा कोण होता? २०१९ मध्ये याचं उत्तर एका शब्दात देता येतं. २०११ मध्ये खुद्द स्टर्न यांनाही त्यासाठी पुढची कित्येक वर्षं खुलासे करावे लागले.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा, विशेषतः तुम्ही लेकर्सवाले असाल तर. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.